घरटी एक माणूस, समुद्रावर

येरमाळा
ता. ३ डिसेंबर २०२५

लग्न तुझं, आन मला कळलं पिठाच्या गिरणीवर. गिरणीवालीनं माझा डबा काट्यावर ठेवता ठेवता इचारलं, "द्वारकामावशी, नातीचं लगीन समुद्रावर हाय म्हणं? मग वऱ्हाड काय नावंत बसवणार?" चार बाया फिदीफिदी हसल्या. मी बी हसले, कारण मला ठाव न्हवतं हे त्यांना दिसू द्यायचं न्हवतं. घरी येऊन बलभीमला धरलं, तर तुझा बाप भाकरी कुस्करत बसला, वर बघंना. तुझी आई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "पोरगीच सांगणार होती तुमाला." म्हंजी बापाला ठाव, आईला ठाव, गिरणीवालीला ठाव. मी तेवढी परकी.

शिवकन्या, खुशाल आसशील. आमी बरे हाव.

फोन केला न्हाय तो मुद्दाम. फोनवर अवघड काय निघालं की "आज्जी, आवाज तुटतोय" म्हणतीस आन ठेवतीस. माझी शाळा तिसरीतच सुटली, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं हाय, पर कागदावर आवाज तुटत न्हाय. तू बी कागदावरच जबाब दे.

आता पुसते. आपल्यात लग्न पोरीच्या दारात लागतं, न्हायतर पोराच्या. तुझं दार येरमाळ्यात. त्या मल्हारचं मूळ गाव भूम, आईसंगं ऱ्हातो पुण्यात. यात समुद्र कुठून आला? तो आपला कोण लागतो? तिथं कुणाच्या चौकटीला तोरण बांधणार?

माणूस किती, खर्च किती, आन कशापायी, हे तिन्ही लिही. पहिले दोन तुझा बाप बी सांगंल. तिसरं तूच सांगायचं.

तुझी आज्जी
द्वारकाबाई


पुणे
११ डिसेंबर २०२५

ती. आज्जी,
साष्टांग नमस्कार.

चुकलं माझं. तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाल याची भीती होती, म्हणून आज-उद्या करत राहिले.

तुम्ही विचारलंत तसं सगळं लिहिते. कळंबला कार्यालय घेतलं तर हजार माणसांच्या खाली पंगत उठत नाही. वर मांडव, बँड, घोडा, मानपान. पप्पा नाही म्हणणार नाहीत, पण दोन वर्षं कुढत बसतील. मल्हारच्या मित्राचं दापोलीकडं समुद्राला लागून घर आहे. मागं सुरूची झाडं आहेत, सावली आयती. तिथं कापड नको, कमान नको. माणसं साठ. सकाळी अक्षता, दुपारी आराम, संध्याकाळी वाळूवरच रिसेप्शन, कंदील लावून. स्वयंपाक तिथल्या बायकांचा बचत गट करणार: तांदळाची भाकरी, वालाची उसळ, सोलकढी, मोदक. वरात नाही, डीजे नाही. रुखवतातली भांडी नकोत म्हणून मल्हारच्या आईनं, नागूबाईंनी, स्वतःच सांगितलं. त्या पुण्यात मेस चालवतात. रोज दोनशे डबे. त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर पंगती वाढल्या, पोराच्या लग्नात तरी मला बसून जेवू द्या."

तारीख २२ फेब्रुवारी.

भावकीला नंतर गावात जेवण घालू. गोडाचं, पोटभर. पण लग्नाला तिथं नको, तेवढी जागाच नाही. उमाकाकूला मीच सावकाश सांगेन, तुम्ही आत्ता काही बोलू नका.

कशासाठी म्हणून विचारलंत. हौस आहे, आज्जी. दुसरं काही नाही.

तुमची
शिवकन्या


येरमाळा
ता. २२ डिसेंबर

तुझा हिशोब वाचला. हजार माणसाच्या पंगतीला तू घाबरलीस, आन साठ माणसाचं गाडीभाडं मांडायचं इसरलीस. इथून पुणं, पुण्याहून घाट उतरून समुद्र. दोन राती मुक्काम, दोन येळचा नाष्टा, अंथरूण, वर मागनं भावकीचं गावजेवण हायच. कळंबचं कार्यालय म्हाग खरं, पर पावणा जेवला की पान खाऊन आपल्या घरी जातो. तुझ्या समुद्रावर पावणा जेवून कुठं जाणार, पाण्यात? म्या बलभीमला बसवून सगळं मांडाय लावलं. फार तर दहा-वीस हजार वाचत्यात. तेवढ्यासाठी कुणी आपल्या गावच्या देवीचा डोंगर सोडून वाळूत जात न्हाय.

म्हंजी पैसा हे कारण न्हाय. हौस बी न्हाय. हौस आसणारी पोरगी शालूचा रंग लिहिती, तू उसळीचं लिहिलंस.

मग ऱ्हायलं काय? सरळच इचारते, माझ्यापाशी आडपडदा न्हाय. पोटात हाय का? आसंल तर लाजू नको. लगीन जानेवारीत आणू, इथंच लावू, कोण दिवस मोजतंय बघू. पर लपवाय समुद्र लागत न्हाय, एक ढिलं पोलकं पुरं.

तवर म्या माझं काम केलंय. भावकीत चौदा घरी आवतण दिलं. घाबरू नको, चूलबंद दिलं न्हाय. चूलबंद दिलं आसतं तर पोराबाळासकट घरंच्या घरं आली आसती, कुणाच्या घरी चूल पेटली नसती. घरटी एक माणूस सांगितलं. तेवढं तर सोयऱ्याच्या कुत्र्याला बी सांगावं लागतं. ज्यांना लग्नाला हाक न्हाय, ती माणसं मयताला खांदा द्याय येत न्हाईत. माझं वय बघ, मग बोल.

उमाबाई संगं होती, तिनंच कुंकू लावलं दारोदार. तुझी चुलती लई हरकलीय. तिचं माहेर भूमचं. म्हणाली, "आत्याबाई, संक्रांतीला माहेरी जाणारच हाय, तवा मल्हारच्या भावकीला भेटून येते. आपली बी वळख पाहिजे." म्या म्हणलं, जा.

आता खरं कारण लिही.

द्वारकाबाई


पुणे
२८ डिसेंबर

आज्जी, उमाकाकूला भूमला जाऊ देऊ नका. काहीही करा.

तुम्ही विचारलंत ते नाही. ते असतं तर सोपं होतं.

मल्हारच्या घरी माझ्या फिट्सचं माहीत नाही. मल्हारला माहीत आहे, मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, गोळ्या चालू आहेत ना, मग मधुमेहासारखंच ते. पण त्याच्या आईला सांगितलेलं नाही. अक्षता पडल्यावर सावकाश सांगायचं असं आमचं ठरलंय.

तुम्हाला आठवतं ना, परंड्याच्या त्या लोकांनी काय केलं? साखरपुड्याची साडी आणली होती आणि दोन दिवसांत नारळ परत आला. निरोप्या उंबऱ्याच्या आत पण आला नाही, नारळ ओट्यावर ठेवून गेला. मी आत उभी होते. उमाकाकूनंच सांगितलं होतं त्यांना, सगळ्या गावाला माहीत आहे. त्यानंतर दोन वर्षं जो कुणी पाहायला आला तो आधी माझ्या डोळ्यांकडं बघायचा, आत्ता पडते की मग पडते.

चार वर्षं झाली, एकदाही आलेली नाही. डॉक्टर म्हणाले, लग्न कर, नोकरी कर, फक्त गोळी चुकवू नको.

समुद्र एवढ्यासाठीच, आज्जी, की आपल्या गावातून तिकडं एसटी जात नाही. कुणाच्या मावशीची नणंद तिथं दिलेली नाही. साठ माणसांत एकही माणूस असा नको होता की जो नागूबाईंच्या शेजारी पानावर बसेल आणि म्हणेल, "पोरगी चांगलीय हो, पण..."

तुम्ही चौदा घरांत आवतण देऊन ठेवलंत. आता मी काय करू?

शिवकन्या


येरमाळा
ता. ५ जानेवारी २०२६

उमाबाई भूमला जाणार न्हाय. तुरीच्या राशीचं निमित्त सांगून अडवली. तिला कारण सांगितलं न्हाय. पर तिला समोर बसवून परंड्याचं इचारलं, ते ऐक.

त्या लोकांनी रीतीपरमाणं चार घरी पुसलं. आपण बी पुसतो. तुझ्या आईला करून घेतली तवा म्या तिच्या गावात पाणवठ्यावर बसून पुसलं होतं. उमाबाईला त्यांनी इचारलं, "पोरीला काय दुखणं?" ती म्हणाली, "लहानपणी फिट यायची, आता गोळीवर हाय, चांगली हाय." यात खोटं काय? तू म्हणशील, गप बसायचं. ती गप बसली आसती तर पुढच्या घरात दुसरं कुणी बोललं आसतं, तेलमीठ लावून. तिच्यावर राग धरायचा तर धर, पर सोयरीक मोडली म्हणू नको. मोडणारे मोडून गेले, ते तसेच होते.

नागूबाईनं चार घरी पुसलं न्हाय, कारण तुमी पोरांनी आपलं आपण जमवलं. तिनं इस्वास ठेवला. आन तुमी त्याच इस्वासाच्या आड लपताय.

आन दुसरं. पोरी, नवरीचे हाल तुला ठाव न्हाईत. हळदीची रात जागरणात जाती. सकाळी अक्षतापोत्तर उपाशी. ऊन, धूर, वाजाप. गोळी पिशवीत, पिशवी करवलीपाशी, करवली फोटू काढाय. फिट यायला यापरीस काय लागतं? नववं सरून दहावं लागलं तवा तू शेळीमागं बांधावर पडलीस, तवापासून तुला जागरण आन उपास म्या कधी करू दिला न्हाय. गोंधळाला सगळं घर जागं आसायचं, तुला म्या आत निजवायची. आता तू वाळूत उभी ऱ्हाणार, समोर पाणी, आन शेजारी उभी आसणारी सासू, तिलाच ठाव न्हाय. तू पडलीस तर ती काय करंल? आरडंल. न्हायतर पायातलं पायताण हुंगवंल.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन नागूबाईकडं जा आन सांग. मल्हारला बरोबर बसव. सांगितलंस का, हे मला लिही.

द्वारकाबाई


पुणे
१७ जानेवारी

ती. आज्जी,
साष्टांग नमस्कार.

संक्रांत छान झाली. नागूबाईंनी मला काळी चंद्रकळा घेतली, हलव्याचा हार घातला. मेसमधल्या पोरांना बोलावून म्हणाल्या, "ही आमची सून." त्यांच्याशी बोलणं झालं. तुम्ही आता काळजी करू नका.

तिळाची वडी जरा कडक होती, पुढच्या दाताचा कपचा उडाला. बोलताना हवा जाते, म्हणून पप्पांना फोन केला नाही.

मांडव सुरूच्या झाडांत, पाण्यापासून पुष्कळ आत घालायचा ठरलाय. तुमच्यासाठी खाली झोपायची खोली सांगून ठेवलीय, जिने नाहीत. पत्रिका छापायला दिल्या. यादीत भावकीची चौदा नावं घातली. आता साठाचे चौऱ्याहत्तर झाले, बचत गटाला कळवलंय.

तुमची
शिवकन्या


पुणे
२४ जानेवारी २०२६

ती. आज्जींना
मल्हारचा नमस्कार.

आपण एकदाच भेटलो, मी एकटा येरमाळ्याला आलो होतो तेव्हा. तुम्ही माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणालात, "लई बारीक हाईस." शिवकन्याला न सांगता हे पत्र लिहितोय.

तुम्ही तिला लिहिलेलं पत्र मी वाचलं. तुमचं म्हणणं पटतं, पण एक विनंती आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. संक्रांतीला सांगायचंच ठरवून दोघं गेलो होतो. आई साडीची घडी मोडून शिवकन्याच्या खांद्यावर टाकत होती. शिवकन्या साडीच्या काठाचं कौतुक करत बसली. मी पण पोरांना तिळगूळ वाटत राहिलो. आईनं दाताचं विचारलं तेव्हा वडीचं कारण सांगून मोकळे झालो.

तुम्ही घाबरू नये म्हणून सांगतो, मी तिला सांभाळू शकतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी झालं तेव्हा मी तिथंच होतो. पत्रिका आणि यादी करण्यात तिची दोन रात्री झोप झाली नव्हती. मी लगेच दातांत चमचा घातला, कांदा फोडून हुंगवला, थोड्या वेळात शुद्धीवर आली. दाताचं तेवढं झालं.

आईला न सांगायचं कारण वेगळं आहे. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, हिला हाच आजार होता. भूमला शेतातल्या विहिरीवर पाणी शेंदताना फिट आली आणि ती आत पडली. आई तेव्हा काठावर होती. आजही आई विहिरीत डोकावत नाही. हे ऐकलं तर ती लग्नाला उभी राहणार नाही, असं मला वाटतं. एकदा शिवकन्या घरात आली, दोघींचा जीव जडला, की मग मी सांगेन. माझा शब्द आहे.

तोवर कृपा करून भावकीतल्या कुणालाही, विशेषतः भूमशी संबंध असलेल्यांना, लग्नाला आणू नका.

आपला
मल्हार


येरमाळा
ता. २८ जानेवारी

शिवकन्या,

"बोलणं झालं" म्हणून लिहिलंस. खोटं बी नीट बोलता येत न्हाय तुला. वडीनं दात मोडला म्हणं! मल्हारनं आपल्या हातानं सगळं लिहून धाडलंय. चमच्याचं बी, विहिरीचं बी. ते ठाव आसून तुमी दोघं त्या बाईला समुद्राच्या काठी सून दाखवणार?

आज डॉक्टरकडं जा आन फिट आलेली सांग. गोळी वाढवायची का ते तो ठरवंल, मल्हार न्हाय. त्याला सांग, तोंडात काय बी घालायचं नसतं. चमचा न्हाय, बोट न्हाय, पाणी न्हाय. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ ठेवायचं, गळ्यापाशी सैल करायचं, आन सरंपोत्तर जवळ बसून ऱ्हायचं. कांदा भाजीत घाला.

मी नागूबाईला लिहिते हाय. तुझी परवानगी मागत न्हाय. माझ्यावर चिडशील, चीड. बोलू नको वरीसभर. बोलाय तू जित्ती पाहिजेस.

द्वारकाबाई


येरमाळा
ता. २८ जानेवारी २०२६

नागूबाई,

तुमच्या पोरानं आन माझ्या नातीनं मिळून तुमाला फसवलंय, आन मला दोन महिने. म्हणून राम राम मागून घालते, आधी हे वाचा.

मी शिवकन्येची आज्जी, बलभीमची आई. माझ्या नातीला फिटचा आजार हाय. लहानपणापास्नं. रोज गोळी घेती. चार वरसं आली न्हवती. संक्रांतीच्या आदल्या दिशी आली, जागरणानं. तुमी दुसऱ्या दिशी तिचा दात बघितला, तो त्याचा. वडीचा न्हाय. मल्हारला आधीपास्नं ठाव हाय. तुमाला अक्षता पडल्यावर सांगायचं त्यांचं ठरलं होतं. समुद्र त्याच्यासाठीच काढला. बचत बिचत काय न्हाय. तुमच्यापाशी बोलंल आसं माणूस तिथं पोचू न्हाय, एवढाच हिशोब.

तुमच्या बहिणीचं मल्हारनं मला लिहिलं. म्या मुद्दाम इचारलं न्हवतं. वाचलं तवा वाटलं, या बाईला आता सांगू नये. मग वाटलं, हिलाच पहिल्यांदा सांगाय पाहिजे होतं. तुमी काठावर हुता. फिट कशी येती, माणूस कसं हातातनं जातं, हे आमच्या घरात माझ्याबिगर कुणाला ठाव न्हाय, तुमच्या घरात तुमच्याबिगर. पोरांनी नेमकं आपल्या दोघीस्नी वगळलं.

तुमाला गळ घालाय लिहीत न्हाय. पोरगी हुशार हाय, कामाची हाय, रक्त तपासायच्या लॅबमधी नोकरी करती, हे तुमी बघितलंय. हा आजार लागट न्हाय. पर जन्माचा हाय, आन गोळी जन्माची हाय. तिला रातभर जागवून चालत न्हाय, उपाशी ठेवून चालत न्हाय. वटपुनवंचा उपास ती करणार न्हाय, आन केला तर तुमी मोडायचा. विहिरीवर, नदीवर, चुलीम्होरं एकटी सोडायची न्हाय. हे ज्या घराला जड वाटतं, त्या घरात मला ती द्यायची न्हाय. मग तिकडं मोदक आसू दे का आणखी काय.

नगं म्हणायचं आसंल तर आताच म्हणा. हळद लागायच्या आधी. नारळ ओट्यावर ठेवून माणूस पळवू नका, तुमी सोता या, आत बसा, तोंडावर सांगा. आमी च्या पाजू. भूममधी, पुण्यात, कुठं बी तुमाला नाव ठेवणार न्हाय. मी न्हाय, माझी सून उमाबाई बी न्हाय. तिला म्या सांगून ठेवलंय.

व्हय म्हणायचं आसंल तर लग्न कुठं लावायचं ते तुमी ठरवा. समुद्रावर म्हणाल तर समुद्रावर, मला खारं वारं बाधत न्हाय. मेसमधी टेबलं सारून लावा म्हणाल तर तसं. पर हळद दिवसाढवळ्या, रातीचं जागरण न्हाय. नवरीनं सकाळी गोळी आन भाकरी खाऊनच पाटावर बसायचं, भटजी काय बी म्हणू दे. अंतरपाटाच्या येळंला तिच्या डाव्या अंगाला तुमी उभं ऱ्हायचं आन उजव्या अंगाला मी. पाण्याकडं पाठ. आन माझ्या भावकीची चौदा माणसं येणार. घरटी एक. त्यांच्यापासून झाकायचं काय उरलं न्हाय, म्हणून त्यांचं भ्या बी उरलं न्हाय.

पोरगी माझ्यावर जळफळंल. तुमचं पोरगं बी. म्या त्याचा भरवसा मोडला, ते कबूल हाय. त्यानं माझ्याकडं पत्र धाडायच्या आधी मला वळखाय पाहिजे होतं.

राम राम.

या पत्राचा जबाब तुमीच द्यायचा. मल्हारनं न्हाय, शिवकन्येनं न्हाय, फोनवरून कुणाच्या तोंडून न्हाय. लिहाय येत नसंल तर मेसमधल्या एखाद्या पोराकडून लिहून घ्या, पर खाली अंगठा तुमचा पाहिजे.

द्वारकाबाई